पांच सेंटांचें यंत्र

मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर वजनाचीं जीं उंच यंत्रें असत, त्यांची आठवण पुष्कळ वाचकांस असेल. पायाखालची फळी क्षणभर दबे, कांचेआडचीं रंगीबेरंगी चक्रें आणि दिवे गरगरूं लागत, आणि नाणें टाकतांच जाड कागदाचें एक तिकीट खडकन् बाहेर पडे. त्यावर एका अंगास वजन व दुसऱ्या अंगास भविष्य. वजन खरें असे कीं नाहीं हें देव जाणे. भविष्याबद्दल तर बोलावयासच नको. तरी मुलें त्या यंत्रापाशीं हट्ट धरून उभीं राहत, कारण तेथें एक चमत्कार घडे. दुकानदार नाहीं, घासाघीस नाहीं, 'तूं कोणाचा रे?' असें विचारणारें कोणी नाहीं. नाणें आंत गेलें कीं लोखंड मुकाट्यानें आज्ञा पाळी.

नाण्याच्या आज्ञेंत वागणाऱ्या यंत्राची ही कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरोननें देवळांत ठेवावयाच्या एका पात्राचें वर्णन केलें आहे. वरून नाणें टाकलें म्हणजे तें आंतील दांडीच्या टोकावर असलेल्या ताटलींत पडे. दांडी कलली कीं झडप उघडे, आणि नाणें ताटलीवरून घसरून जाईपर्यंत भक्ताच्या हातावर तीर्थाची धार येई. तीर्थ मोजून देण्याची ही युक्ति आमच्या क्षेत्रोपाध्यायांस कशी सुचली नाहीं, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

असो. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें तीर्थाविषयीं नसून सोड्याविषयीं आहे. गेल्या वर्षीं अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं राहण्याचा योग आला. मोटार ठेवण्याच्या खोलींत मोटारीऐवजीं त्यांनीं एक तांबडेंलाल, गोलाकार माथ्याचें, पुरुषभर उंचीस किंचित् कमी असें यंत्र ठेवलें होतें. अर्धशतकापूर्वीं भंगारांत गेलेलीं सोड्याचीं विक्रीयंत्रें हुडकून आणावयाचीं, खिळा न् खिळा सुटा करावयाचा, आणि पुन्हां जोडून तीं चालतीं करावयाचीं, असा छंद तिकडे हजारों लोकांस जडला आहे व आमचे स्नेही त्यांपैकींच एक. त्या यंत्रासमोर आम्हां दोघांचा जो वाद झाला, त्यामुळें त्या यंत्राचा पूर्वेतिहास शोधावा असें आम्हांस वाटलें. आणि शोधूं लागल्यावर असें दिसून आलें कीं हा इतिहास यंत्राचा थोडा आणि एका नाण्याचा फार आहे.

सोडावॉटर मूळचें युरोपांतलें. १७६७ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें जोसेफ प्रीस्टली यांनीं शेजारच्या बिअरच्या भट्टींतील पिंपांवर सांचणारा वायु पाण्यांत मिसळून पाहिला, आणि १७८३ सालीं जिनीव्हा येथें याकोब श्वेप्प यांनीं त्याचा व्यापार मांडला. अमेरिकेंत १८३२ च्या सुमारास जॉन मॅथ्यूज नांवाच्या कारागिरानें न्यूयॉर्कमध्यें संगमरवराच्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतून तोच वायु स्वस्तांत काढण्याचा उद्योग चालविला. सेंट पॅट्रिकचें मोठें देवालय बांधतांना उरलेला संगमरवर त्यानें विकत घेतला व तो लोकांस सोड्याच्या रूपानें पाजला, अशी एक कथा सांगतात. तेथपासून औषधांच्या दुकानांत संगमरवरी ओटा, चांदीच्या तोट्या आणि रंगीत सरबतें असा 'सोडा-फाउंटन'चा थाट सुरू झाला. १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकन स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवाचें प्रदर्शन भरलें, तेथें सोडा विकण्याचा मक्ता मिळावा म्हणून टफ्ट्स आणि लिपिनकॉट या दोघां कारखानदारांनीं पन्नास हजार डॉलर मोजले. मद्यपाननिषेधाची चळवळ जोरांत होती. सभ्य कुटुंबांस बसून पितां येईल असें एक स्थळ हवें होतें, तें त्यांना या ओट्यापाशीं मिळालें.

याच ओट्यावर अटलांटा शहरीं, ८ मे १८८६ रोजीं, जेकब्स यांच्या औषधालयांत जॉन पेंबर्टन यांच्या पाकापासून केलेलें कोका-कोला हें पेय प्रथम विकलें गेलें. किंमत पेल्यास पांच सेंट. तांबें आणि निकल यांच्या मिश्रणाचें पांच सेंटांचें नाणें १८६६ पासून चालू होतें व लोक त्यास नुसतें 'निकल' म्हणत. एक निकल, एक पेला. त्या दिवशीं हा हिशेब सहज म्हणून ठरला असावा. पण तो पुढें सत्तरांहून अधिक वर्षें हलला नाहीं. या सत्तर वर्षांत दोन महायुद्धें झालीं, साखर महागली आणि उतरली, १९२९ नंतरची मंदी येऊन गेली, मजुरी कैक पटींनीं वाढली. कोका-कोलाची किंमत मात्र पांच सेंटच राहिली. अर्थशास्त्रज्ञांनीं या चमत्कारावर प्रबंध लिहिले आहेत, ते उगीच नव्हेत.

कारण पहिलें असें कीं १८९९ सालीं चॅटानूगा गांवचे टॉमस आणि व्हाइटहेड हे दोन वकील कंपनीचे मालक एसा कँडलर यांजकडे आले आणि हें पेय बाटल्यांत भरून विकण्याचा हक्क मागूं लागले. कँडलर यांस बाटलीचा भरंवसा नव्हता. सोडा प्यावा तो ओट्यावर, अशी त्यांची समजूत. त्यांनीं जवळजवळ सगळ्या देशाचा हक्क एका डॉलरला देऊन टाकला आणि पाक ठराविक दरानें पुरविण्याचा करार करून दिला. कराराला मुदत नव्हती आणि दर वाढविण्याची सोय नव्हती. पुढें बाटलीचाच खप प्रचंड वाढला, तेव्हां कंपनीच्या लक्षांत आलें कीं आतां अधिक पाक खपविणें एवढाच नफ्याचा मार्ग उरला, आणि पाक खपवावयाचा तर बाटलीवाल्यांनीं किंमत वाढवितां कामा नये. किंमत ठरविण्याचा हक्क नसलेल्या कंपनीनें मग एक नामी उपाय योजिला. तिनें देशांतील प्रत्येक भिंतीवर, पाटीवर, दिनदर्शिकेवर आणि आरशावर 'पांच सेंट' असें रंगवून टाकलें. जी किंमत साऱ्या जगास ठाऊक, ती वाढविण्याची दुकानदारास छाती होईना. करार १९२१ सालीं बदलला खरा, पण तोंवर भिंतींवरचीं तीं अक्षरें लोकांच्या मनांत कोरलीं गेलीं होतीं.

दुसरें कारण यंत्र, आणि येथेंच आमच्या विषयाचा खरा प्रारंभ होतो.

बाटली दुकानांत पोहोंचली, परंतु ती थंड कशी ठेवावयाची हा प्रश्न होताच. कोणी लांकडी पिंप अर्धें कापून त्यांत बर्फ घाली, कोणी धुण्याचें टोपलें वापरी. १९२९ सालीं मन्सी गांवच्या ग्लॅस्कॉक बंधूंनीं कोका-कोलासाठीं पत्र्याची एक पेटी तयार केली. वरून दोन्ही बाजूंस उघडणारी झांकणें, आंत बर्फ, त्यांत बहात्तर बाटल्या आणि किंमत साडेबारा डॉलर. नाणें अजून दुकानदाराच्या हातांत पडत होतें. १९३७ सालीं कान्सास सिटी येथें निघालेल्या व्हेंडो कंपनीनें प्रथम संपूर्ण यंत्र केलेंच नाहीं; दुकानांत असलेल्या बर्फाच्या पेटीवर बसवितां येईल असें नाण्याचें झांकण तेवढें तिनें केलें. निकल टाकावें, झांकण फिरवावें, भोकाखालीं आलेली बाटली उपसावी. पुढें विजेवर गार होणारीं उभीं यंत्रें आलीं. डेट्रॉइटच्या जेकब्स कारखान्याचें पत्रपेटीसारखें दिसणारें, चॅटानूगाच्या कॅव्हेलियरचें, फ्रेझ्नोच्या व्हेंडोरलेटरचें, अशीं त्यांचीं घराणीं आहेत आणि संग्राहक लोक तीं आमच्याकडच्या गवयांच्या घराण्यांप्रमाणें अंगलटीवरून ओळखतात. व्हेंडोनें आपल्या यंत्रांस बाटल्यांच्या संख्येवरूनच नांवें दिलीं: एकूणचाळीस, चव्वेचाळीस, एक्यायशीं. यांतील एक्यायशींचें यंत्र १९५५ च्या आगेमागेचें, आणि संग्राहकांत त्याचा मान मोठा.

या यंत्रांतील नाणें पारखण्याची कळ पाहण्यासारखी असते. फटींतून गेलेलें नाणें आधीं आकारानें तपासलें जातें. लहान असेल तर तें मध्येंच निसटून परतीच्या वाटेनें खालीं येतें. मग लहानशा तराजूच्या पाळण्यांत त्याचें वजन होतें. वाटेंत एक लोहचुंबक असतो. लोखंडाची चकती तेथें अडकून पडते, खरें निकल मात्र पुढें जातें, कारण त्यांत शेंकडा पंचाहत्तर भाग तांबें असल्यामुळें चुंबक त्यास ओढीत नाहीं. इतक्या परीक्षा उतरल्यावर नाणें एका अडसरावर पडतें आणि अडसर एका बाटलीपुरता मोकळा होतो. बाटली ओढण्याचें काम गिऱ्हाईकाच्याच हातानें व्हावयाचें. म्हणजे यंत्र कांहीं करीत नाहीं. तें फक्त 'हो' किंवा 'नाहीं' म्हणतें. आणि 'हो' म्हणण्याजोगें नाणें त्यास एकच ठाऊक असतें.

आमच्याकडचा गोटीसोडा याच्या अगदीं उलट. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ च्या सुमारास केलेली ती गोटीची बाटली विलायतेंत केव्हांच नामशेष झाली, पण महाराष्ट्रांतील यात्रांतून आणि एस. टी. च्या थांब्यांवर ती तग धरून राहिली. हातानें फिरविण्याच्या पिंजऱ्यांत बाटल्या उलटसुलट होऊन त्यांत वायु भरला जाई, गोटी रबराच्या कड्यास घट्ट बसे, आणि अंगठ्याचा दाब पडला कीं ती 'फट्' करून आंत जाई. भाव गाडीवाल्याच्या तोंडीं. बर्फ महागला कीं सोडा महागला, उरूस मोठा असला कीं आणखी महागला. भांडण व्हावयाचें तर तें माणसामाणसांत होई. अमेरिकेंत तो भाव लोखंडांत ओतला गेला, आणि लोखंडाशीं भांडतां येत नाहीं हें प्रथम गिऱ्हाइकास नव्हे, कंपनीलाच कळून आलें.

दुसऱ्या महायुद्धांत निकल धातु लढाईच्या कामीं हवा होता, म्हणून १९४२ पासून १९४५ पर्यंत अमेरिकन सरकारनें पांच सेंटांचें नाणें तांबें, चांदी आणि मँगेनीज यांचें पाडलें. परंतु देशभरच्या यंत्रांनीं तें नाकारूं नये यासाठीं वजन तेंच राखिलें आणि धातूंचें प्रमाणहि यंत्रांच्या परीक्षेस उतरेल असें बेतून ठरविलें. सरकारनें नाणें यंत्राच्या मर्जीप्रमाणें घडवावें, असा हा प्रसंग! १९५० सालीं अमेरिकेंत सुमारें ४,६०,००० विक्रीयंत्रें होतीं आणि त्यांपैकीं शेंकडा ८५ हून अधिक कोका-कोलाचीं होतीं. म्हणजे चार लाखांच्या घरांत लोखंडी दुकानदार, आणि प्रत्येकास एकाच नाण्याची ओळख.

अशा स्थितींत भाव वाढवावयाचा कसा? निकलच्या वरचें सोयीचें नाणें म्हणजे दहा सेंटांचें 'डाइम'. तें चांदीचें म्हणून आकारानें निकलहून लहान. दहा पांचाहून लहान असावे हा तिकडच्या टांकसाळीचा एक विनोदच आहे. सहा सेंट किंवा सात सेंट घ्यावयाचे तर यंत्रांत दोन-तीन तऱ्हेचीं नाणीं मोजणारी महागडी कळ हवी. एकाच नाण्यानें काम भागवावयाचें तर भाव एकदम दुप्पट. १९५३ सालीं कोका-कोला कंपनीनें सरकारच्या अर्थखात्याकडे विनंति केली कीं साडेसात सेंटांचें एक नवें नाणें पाडावें. ज्या सरकारनें अकरा वर्षांपूर्वीं यंत्रांसाठीं नाण्याची धातु जुळवून घेतली, त्यानें या वेळीं मात्र ऐकलें नाहीं. आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. एका सरबतासाठीं राष्ट्राचें चलन बदलावयाचें तर उद्यां पानवाल्यासहि स्वतंत्र नाणें द्यावें लागेल.

मग दुसरी युक्ति निघाली, ती अधिक अद्भुत आहे. कांहीं ठिकाणीं यंत्रांत दर नऊ बाटल्यांमागें एक रिकामी बाटली ठेवून पाहिली. आठ गिऱ्हाइकांस पांच सेंटांत पेय मिळावयाचें. नवव्यानें निकल टाकलें कीं त्याच्या हातीं रिती बाटली यावयाची आणि त्यानें दुसरें निकल टाकावयाचें. सरासरी भाव झाला सवापांचाच्या वर, साडेपांचास थोडा अधिक. कागदावर हिशेब निर्दोष. या रिकाम्या बाटलीस 'अधिकृत रिकामी' असें गंभीर नांव दिलें होतें. उन्हांत उभ्या असलेल्या त्या नवव्या माणसाची मुद्रा आम्ही पुष्कळदां डोळ्यांपुढें आणून पाहिली आहे. हा प्रयोग देशभर करण्याचें धाडस कंपनीला झालें नाहीं, हें तिच्या शहाणपणाचें लक्षण म्हटलें पाहिजे. जाहिरातींतून 'पांच सेंट' हीं अक्षरें १९५१ च्या सुमारास निघालीं, गांवोगांवचे बाटलीवाले आपापल्या सोयीनें भाव वाढवूं लागले, आणि १९५९ सालीं निकलला मिळणारी शेवटची बाटलीहि गेली.

त्यानंतर यंत्रांचे दिवस भरलेच. १९५५ पासून कंपनीनें मोठ्या बाटल्या काढल्या, त्या साडेसहा औंसांच्या बाटलीसाठीं घडविलेल्या खणांत बसेनात. पुढें १९६० सालीं डबे आले. जुनीं यंत्रें पेट्रोलच्या पंपांमागें, धान्याच्या कोठारांत, गवतांत जाऊन पडलीं. कोणी त्यांत तेलाचे डबे ठेवले, कोणी त्यांवर बंदुकीची नेमबाजी केली. पाऊसपाण्यानें तळ कुजले. ज्या वस्तूस कोणी विचारीत नाहीं ती पंचवीस वर्षें टिकली कीं तिला विचारणारे निघतात, हा नियम तेथेंहि खरा ठरला. १९७४ सालीं कोका-कोलाच्या जुन्या वस्तु जमविणाऱ्यांचा संघच स्थापन झाला, आणि भंगारवाला वजनावर देई तें यंत्र हजारों डॉलरांस जाऊं लागलें.

या छंदाची मेहनत आम्हीं स्नेह्यांच्या तोंडून सविस्तर ऐकली, आणि तिच्याविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला हें सांगितलेंच पाहिजे. प्रथम कुलूप. किल्ली कधींच मिळत नाहीं, आणि कुलूप भोक पाडून तोडलें तर तसलें दुसरें मिळणें कठीण. तें उघडलें कीं आंत उंदरांचीं घरटीं. दोन पत्र्यांमधील उष्णतारोधक भरण काढून फेंकावें लागतें. मग तारा. त्यांवरील रबर आणि कापड हात लावतांच भुगा होऊन गळतें, म्हणून वीज जोडण्याचा मोह आधीं आवरावयाचा. घाई करून यंत्र आणि घर दोन्ही जाळून घेणारे महाभाग असतात. गार करणाऱ्या यंत्रांतील जुना वायु आकाशांतील ओझोनच्या थराचा नाश करतो म्हणून १९८७ च्या माँट्रिअल येथील करारानंतर त्याचें उत्पादन मिटविण्यांत आलें; तेव्हां नवा वायु चालेल असें यंत्र बसवावें लागतें किंवा जुना वायु सांठविणाऱ्या जाणकारास शरण जावें लागतें. जुन्या रंगांत शिसें असतें, तें तोंडास फडकें बांधल्याखेरीज घांसावयाचें नाहीं. दाराचें रबर, हातकडी, चकचकीत पट्ट्या, उठावाचीं अक्षरें, हें एकेक जमवितां जमवितां वर्ष जातें. आमच्या स्नेह्यांना सतरा महिने लागले. एका पेंचासाठीं त्यांनीं ओहायोपर्यंत मोटार हांकली. वहिनींनीं त्या दिवशींचें जेवणाचें ताट झांकून ठेवलें तें दुसऱ्या दिवशीं उघडलें.

येथपर्यंत आमचें एकमत होतें. वाद निघाला तो पुढें.

यंत्र उभें होतें तें नव्यासारखें, किंबहुना नव्याहून नवें. लाल रंगांत तोंड दिसावें अशी झळाळी. दारावर मोठ्या ऐटीनें '५ सेंट' अशी पाटी. आम्हीं सहज विचारलें, "ही पाटी मूळचीच काय?" स्नेही हंसले आणि म्हणाले, "छे, मूळची दहाची होती." यंत्र एक्यायशीं बाटल्यांचें, म्हणजे निकलचे दिवस सरत आले तेव्हांचें. कारखान्यांतून निघतांनाच त्यांत डाइम घेणारी कळ बसविली होती. ती त्यांनीं काढली व दुसऱ्या एका संग्राहकाकडून निकलची कळ विकत घेऊन तिच्या जागीं बसविली. दहाचा आंकडाहि रंगाच्या दोन थरांखालीं स्पष्ट दिसत होता. तो त्यांनीं घांसून काढला.

"पण मग हें यंत्र आपल्या उभ्या जन्मांत पांच सेंटांस कधीं विकत नव्हतें," आम्ही म्हणालों.

"नसेल. पण लोकांना पांचाचेंच आवडतें. घरीं कोणी आलें कीं त्याला निकल टाकूं द्यावें, त्यांतच तर मौज."

आमच्याकडे जुन्या मूर्तीवर शेंदराचीं पुटें चढत जातात. शंभर-दोनशें वर्षांनीं एखादे दिवशीं तें कवच आपोआप गळून पडतें आणि आंतून कोरीव मूर्ति निघते; मग तिच्या वस्त्रावरून, आयुधांवरून तिचा काळ ठरवितां येतो. म्हणजे शेंदूर झांकतो, पण पुसत नाहीं. घांसणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याच्याखालीं दहाचा आंकडा गेला तो गेलाच. आम्हीं त्यांना म्हटलें कीं तुम्ही जीर्णोद्धार केला नाहींत, या यंत्राला तुम्ही नवें चरित्र लिहून दिलेंत. हें बोलणें त्यांना लागलें असावें. त्यांचेंहि म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. ते म्हणाले, "गंजलेलें तसेंच ठेवलें असतें तर तें तुम्ही पाहावयास आलां असतां का? कुजलेला तळ हाहि इतिहासच होता, तो मीं कापून टाकला. तेव्हां मग सीमा कोठें घालावयाची?" संग्राहकांत या प्रश्नावरून दोन पक्ष आहेतच. एक पक्ष जुना रंग, ओरखडे, दुकानदारानें चिकटविलेल्या चिठ्ठ्या यांस हात लावूं देत नाहीं, फक्त चालण्यापुरती दुरुस्ती करतो. दुसऱ्यास यंत्र कारखान्यांतून आजच आल्यासारखें हवें असतें. आम्हांस पहिला पक्ष पटतो, पण तळ कुजूं द्यावा असें आम्हीहि म्हणत नाहीं. आमची हरकत दुरुस्तीला नसून किंमतीच्या पाटीला होती. रंग उडाला तर तो पुन्हां देतां येतो. भाव मात्र एकदांच खरा असतो.

आणि ज्या काळाच्या ओढीनें दहाचे पांच केले जातात, तो काळहि त्या रंगाइतका निर्मळ नव्हता. १९ ऑगस्ट १९५८ रोजीं, म्हणजे निकलची बाटली अजून कोठें कोठें मिळत असतांना, ओक्लाहोमा सिटी येथें क्लॅरा लूपर नांवाच्या शिक्षिका तेरा कृष्णवर्णीय मुलांस घेऊन कॅट्झ यांच्या औषधालयांतील ओट्यावर जाऊन बसल्या. मुलांनीं मागितला तो कोका-कोलाच. पैसे होते, पेय होतें, बसावयास जागा होती. ओट्यावर गोऱ्यांखेरीज इतरांस वाढावयाचें नाहीं असा शिरस्ता होता. शिव्या खात मुलें बसून राहिलीं, दुसऱ्या दिवशीं पुन्हां आलीं, आणि अखेर त्या दुकानानें हट्ट सोडला. यंत्रास नाण्याचें वजन तेवढें कळतें, टाकणाऱ्याच्या कातडीचा रंग कळत नाहीं, असें म्हणून यंत्राची तरफदारी करण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु यंत्र कोणत्या दारांत उभें करावयाचें आणि त्या दारांत कोणास येऊं द्यावयाचें, हें माणसेंच ठरवीत होतीं. पुढें १९६० सालीं ग्रीन्सबरो येथें वूलवर्थच्या ज्या ओट्यावर चार विद्यार्थी असेच जाऊन बसले, त्याचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेवला आहे. तो नवा रंग देऊन झळझळीत केलेला नाहीं, ही गोष्ट आम्हीं स्नेह्यांच्या कानांवर घातली. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, "मग या यंत्रावर मीं काय लिहूं?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं फळीवरून एक खोबरेल तेलाचा जुना डबा काढला. त्यांत पाहुण्यांसाठीं निकल भरून ठेवलेलीं असतात. एक उचलून त्यांनीं आमच्या हातीं दिलें. आम्हीं तें फटींत टाकलें. आंत खडखड करीत नाणें दोन वळणें घेऊन गेलें, अडसर सुटल्याचा बारीक आवाज झाला. अरुंद दार उघडून आम्हीं बाटली मानेस धरून ओढली. बाटली हल्लींची, दुकानांतून एका डॉलरहून अधिक देऊन आणलेली, पण गार उत्तम होती. आमची बाटली संपेपर्यंत त्यांनीं किल्लीनें पेटी उघडून तें निकल बाहेर काढलें आणि पुन्हां डब्यांत टाकलें. मग टेबलाच्या खणांतून फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढून आमच्यापुढें ठेवली. ती दहा सेंटांची जुनी कळ होती. फेंकवली नाहीं, असें ते म्हणाले.